चोखोबांचा जोहार आणि स्तोत्रकर्त्याची याचना



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला आणि पुढे तो महाराष्ट्रात गावोगाव पोचला. दिवसाचे ऊन उतरल्यावर सतरंजीवर येऊन बसायचे, एखादा विषय ऐकायचा, पटला तर घरी घेऊन जायचा, न पटला तर वाटेत त्यावर वाद घालायचा, ही पद्धत मला फार मोलाची वाटते. माझे शाळेतले शिक्षण थोडे. उरलेले शिक्षण सार्वजनिक वाचनालयांत, कामगारांच्या सभांत आणि अशाच व्याख्यानांत झाले. तेव्हा पंडिताच्या अधिकाराने मी काही सांगणार नाही. तीस वर्षे कामगारांचे अर्ज लिहीत आलेला माणूस जुने ग्रंथ ज्या नजरेने वाचतो, त्या नजरेने मी आजचा विषय मांडणार आहे.

विषय असा, की ज्याचा पदोपदी तिरस्कार होतो असा माणूस देवापुढे हात जोडून "दया कर" असे म्हणतो, तेव्हा तो नेमके काय करीत असतो? या प्रश्नाची दोन ठरावीक उत्तरे आहेत. कीर्तनकार म्हणतात, हीच भक्तीची परिसीमा. अपमान गिळून देवाला शरण जावे. सुधारक म्हणतात, ही लाचारी आहे. दया मागणाऱ्याला हक्क कधी मिळत नाही. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. परंतु दोघेही अर्जातला मजकूर तेवढा वाचतात आणि अर्ज कोणाच्या नावे केला आहे ते पाहत नाहीत. आमच्या धंद्यात आम्ही आधी तेच पाहतो.

बायबलाच्या जुन्या करारात दीडशे स्तोत्रे आहेत. त्यांपैकी एकशे तेविसावे स्तोत्र अवघ्या चार कडव्यांचे आहे. एकशे वीसपासून एकशे चौतीसपर्यंतच्या पंधरा स्तोत्रांचा एक गट आहे. त्यांना चढणीची गाणी म्हणतात. यरुशलेम हे नगर डोंगरावर आहे. सणाला तेथील मंदिराकडे निघालेले यात्रेकरू चढण चढताना ही गाणी म्हणत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आपण वऱ्हाडातली माणसे पायी पंढरीला जाणारी. चालता चालता गाणे म्हणजे काय हे आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

त्या चार कडव्यांत सांगितले आहे ते असे. स्तोत्रकर्ता वर, स्वर्गात बसलेल्या देवाकडे डोळे लावतो. चाकराचे डोळे जसे धन्याच्या हाताकडे आणि दासीचे डोळे जसे मालकिणीच्या हाताकडे लागलेले असतात, तसे आमचे डोळे देवाकडे लागले आहेत, आणि तो दया करीपर्यंत ते तेथून हलणार नाहीत, असे तो म्हणतो. मग "दया कर" हे तो एकदा म्हणतो आणि लगेच पुन्हा म्हणतो. कारण काय, तर तिरस्काराने आमचा जीव भरून गेला आहे. भूक भागून वर अन्न नकोसे व्हावे इतका तो तिरस्कार पोटात गेला आहे. तो तिरस्कार कोणाचा, हेही सांगितले आहे: सुखात बसलेल्यांचा आणि गर्विष्ठांचा. स्तोत्र येथेच संपते. देवाने काय केले ते पुढे नाही. तक्रार नोंदविली आणि गाणे थांबले.

यातील सुखात बसलेल्यांसाठी मूळ हिब्रूत 'शाअनान' असा शब्द आहे. निवांत, निर्धास्त, ज्याला कशाची झळ लागत नाही असा माणूस, असा त्याचा अर्थ. स्तोत्रकर्त्याने त्यांना क्रूर किंवा खुनी म्हटलेले नाही, निवांत म्हटले आहे. हा शब्द मी मुद्दाम आपल्यापुढे ठेवीत आहे. शेवटी त्याचे काम पडणार आहे.

हा मजकूर मराठीत वाचावयास मिळतो याचे श्रेय अनेकांचे आहे. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी १८११ साली नवा करार मराठीत छापला. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये राहून, हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून, साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्ख्या बायबलाचे भाषांतर केले. त्या १९२२ साली वारल्या आणि ते भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. ज्या विदुषीने संस्कृत पांडित्याबद्दल मानपत्रे घेतली आणि विधवा म्हणून समाजाचा तिरस्कारही सोसला, तिच्या हातून या स्तोत्राचे मराठी झाले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आता धन्याच्या हाताकडे लागलेले चाकराचे डोळे म्हणजे काय, हे समजण्यासाठी आपल्याला पॅलेस्टाईनला जाण्याचे कारण नाही. आपल्या जुन्या गावगाड्यात तेच होते. महाराने वेशीची राखण करावी, सरकारी निरोप पोचवावा, सारा पोचविताना बरोबर जावे, मेलेली ढोरे ओढावी, आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागावी. या कामाला ठरलेला पगार नव्हता. खळ्यावर जे पडेल ते बलुते आणि दारात जे पडेल ते अन्न. अशा माणसाचे डोळे हाताकडेच लागणार, कारण देणारा हात तोच, हुकूम करणारा तोच आणि मारणाराही तोच.

याच गावगाड्यातून एक माणूस उठला, आणि तो आपल्या जिल्ह्याचा. देऊळगावराजा तालुक्यातील मेहुणाराजा हे संत चोखामेळा यांचे जन्मगाव अशी परंपरा आहे, आणि तेथे त्यांचा जन्मोत्सव होत असतो. जिजाबाईंचे सिंदखेडराजा तेथून जवळच. सिंदखेडराजाचे नाव महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. मेहुणाराजाचे नाव सांगितले की आपल्या जिल्ह्याबाहेर पुष्कळांना ते कोठे आले असे विचारावे लागते. असो. चोखोबा हे ज्ञानेश्वर-नामदेवांच्या काळातले. पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा आणि मेहुणा बंका, असे सारे घरच अभंग रचणारे. चोखोबांच्या नावावर आज साडेतीनशेच्या आसपास अभंग मिळतात. अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणाने ते लिहून घेतले असे सांगतात.

चोखोबांच्या अभंगांत जोहाराचे अभंग आहेत. जोहार हे महाराचे अभिवादन. गावच्या माणसाशी बोलताना त्याने 'रामराम' म्हणावयाचे नाही, 'नमस्कार' म्हणावयाचे नाही; लांब उभे राहून, वाकून 'जोहार मायबाप' म्हणावयाचे. त्या एका शब्दात कोण वर आणि कोण खाली ते ठरून जाई. जोहाराला उलट जोहार मिळत नसे. चोखोबांनी हाच शब्द उचलला आणि विठ्ठलाला घातला. मी तुझ्या दारचा महार आहे, तुझ्या उष्ट्याची आशा करून उभा आहे, असे ते देवाला म्हणतात. पुढे सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी महाराच्या तोंडचे जोहार रचले, ते प्रसिद्धच आहेत. परंतु एकनाथांनी ती भूमिका घेतली होती, चोखोबांची ती रोजची भाकरी होती.

येथे आपण दोघांना शेजारी शेजारी उभे करून पाहू. स्तोत्रकर्ता चाकरीची भाषा घेतो, चोखोबा जोहाराची घेतात. दोघेही आपली पायरी लपवीत नाहीत. वरवर पाहता ही संपूर्ण शरणागती वाटते. परंतु अर्जाच्या माथ्यावरचे नाव पहा. स्तोत्रकर्ता त्या गर्विष्ठांना "माझ्यावर दया करा" असे म्हणत नाही. त्यांचा उल्लेख येतो तो तक्रारीच्या मजकुरात, प्रतिवादी म्हणून. चोखोबाही बडव्यांची तक्रार विठ्ठलापुढे मांडतात. मला मारतात, माझा विटाळ मानतात, तर तू धाव, असे त्यांचे सांगणे. ज्याने अपमान केला त्यालाच न्यायाधीश मानण्याचे दोघांनीही नाकारले. खालच्या हाताकडे बघण्याची सक्ती असताना त्यांनी डोळे वर उचलले. गावाने ज्याला एकच धनी ठरवून दिला होता, त्याने आपला धनी बदलला. मला विचाराल तर, इतिहासात कोणत्याही दबलेल्या माणसाने टाकलेले पहिले पाऊल हेच असते.

आणि दुसरे पाऊलही त्यातच आहे. अपमानाला अपमान हे नाव देणे. ज्याला जन्मापासून सांगितले आहे की तुझी ही दशा तुझ्या पूर्वकर्माची आहे, त्याने "माझा तिरस्कार होतो आहे आणि तो सोसवत नाही" असे म्हणणे सोपे नसते. चोखोबांनी पूर्वकर्माची भाषा पुरती टाकली नाही; काही अभंगांत ते आपल्या जन्माचे कारण तेथेच शोधतात. तथापि वरचे रूप वाकडे असले म्हणून आतला रस वाकडा नसतो, हा त्यांचा उसाचा दृष्टांत सर्वांच्या तोंडी आहे. सोयराबाई तर विचारतात की, विटाळ देहाचाच असेल तर ज्याला देह आहे असा कोण त्यातून सुटला? आणि कर्ममेळा पुढच्या पिढीचा. बाप दया मागतो, मुलगा देवाकडे जाब मागतो. आम्हाला हीन जातीत घातलेस, उष्टे खायला लावलेस, याचे तुला काहीच कसे वाटत नाही, असा त्याचा सूर आहे. एकाच घरात, एका पिढीच्या अंतराने अर्जाची भाषा बदलली.

नव्या करारात मार्काच्या दहाव्या अध्यायात असाच एक प्रसंग आहे. यरीहो गावाच्या वाटेवर बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी बसलेला असतो. येशू चालला आहे असे कळताच तो दयेसाठी ओरडू लागतो. लोक त्याला दटावून गप्प बसवू पाहतात. तो अधिकच मोठ्याने ओरडतो. येशू थांबतो, त्याला बोलावतो आणि विचारतो, की मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे? ही गोष्ट वाचताना मी नेहमी या प्रश्नाशी थबकतो. आंधळ्याला काय हवे ते दिसतच होते. तरीही त्याला विचारले, आणि त्याने दृष्टी हवी म्हणून सांगितले. दया मागणाऱ्याला भीक टाकून पुढे जाता येते. त्याला "तुझी मागणी काय?" असे विचारणे म्हणजे त्याला माणूस मानणे. आणि ज्या गर्दीने त्याला गप्प केले ती गर्दी भाविकांचीच होती, हेही विसरता कामा नये.

चोखोबांच्या कथा महिपतींनी १७६२ सालच्या भक्तविजयात सांगितल्या आहेत. देवाच्या गळ्यातला हार चोखोबांपाशी सापडला म्हणून बडव्यांनी त्यांना पंढरपुरातून घालवून दिले आणि ते चंद्रभागेच्या पलीकडे राहू लागले. तेथे विठ्ठल त्यांच्याकडे जेवावयास आला. दही सांडले म्हणून चोखोबा बोलले ते एका ब्राह्मणाच्या कानी पडले, आणि त्याला राग येऊन त्याने त्यांच्या तोंडात मारली. पुढे देवळात जाऊन पाहतो तो देवाचा गाल सुजलेला. चमत्कार म्हणून कोणी या कथेवर विश्वास ठेवो वा न ठेवो. कथा रचणाऱ्या समाजाने त्यात एक कबुली दिली आहे, की चोखोबांचा अर्ज पोचला होता. मारलेली थप्पड वर जाऊन लागली, हे पोटात कोठेतरी सर्वांना ठाऊक होते. ठाऊक असूनही दार उघडले नाही.

चोखोबांचा मृत्यू मात्र कथेचा विषय नाही, तो कामगारांच्या इतिहासाचा विषय आहे. शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८ मध्ये, मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालले होते. त्या कामावर महारांना वेठीने लावले होते. भिंत ढासळली, आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर दगडमातीखाली गाडले गेले. ज्या कुसाच्या आत त्यांना घर बांधता आले नसते, ते कूस रचताना ते मेले. नामदेव मंगळवेढ्याला गेले, ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी शोधल्या आणि पंढरपूरला महाद्वारापाशी समाधी बांधली. अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी येत होता त्यावरून त्या ओळखल्या, अशी आख्यायिका आहे. बाकीच्या मजुरांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. कामावर मेलेल्या वा जखमी झालेल्या मजुराची भरपाई मालकाने द्यावी, असा नुकसानभरपाईचा कायदा आपल्या देशात १९२३ साली झाला. मंगळवेढ्याच्या अपघातानंतर ५८५ वर्षांनी.

बायबलातही एका भिंतीची हकीकत आहे आणि तिचा आपल्या विषयाशी निकटचा संबंध आहे. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या यहुद्यांचे यरुशलेम भग्न होऊन पडले होते. इसवी सनापूर्वी ४४५ च्या सुमारास नहेम्या हा इराणी बादशहाच्या दरबारातला यहुदी सेवक तेथे आला आणि त्याने नगराचा तट बांधावयास घेतला. सनबल्लट आणि तोबीया हे शेजारचे सत्ताधारी हसू लागले. हे दुबळे लोक काय बांधणार, असे सनबल्लट म्हणाला, आणि कोल्हा चढला तरी यांची भिंत पडेल, असे तोबीया म्हणाला. तेव्हा नहेम्याने प्रार्थना केली, की देवा ऐक, आमचा तिरस्कार होत आहे. एकशे तेविसावे स्तोत्र याच काळातले असावे असे काही अभ्यासक म्हणतात ते यामुळेच. प्रार्थना झाल्यावर लोक पुन्हा कामाला लागले. अर्ध्यांनी बांधावे, अर्ध्यांनी भाले घेऊन पहारा करावा, अशी पाळी लावली, आणि बावन्न दिवसांत तट पुरा झाला.

दोन्हीकडे तिरस्कार आहे, दोन्हीकडे प्रार्थना आहे आणि दोन्हीकडे भिंत आहे. मग एक भिंत उभी राहिली आणि दुसरीखाली माणसे मेली, हे का? नहेम्याची भक्ती चोखोबांहून श्रेष्ठ होती म्हणून काय? नहेम्याच्या हातात बादशहाचे पत्र होते, बादशाही जंगलातले लाकूड होते, आणि पाळीपाळीने काम करणारा एकत्रित समाज होता. भिंत बांधणाऱ्यांची होती. मंगळवेढ्याची भिंत बांधणाऱ्यांची नव्हती. चोखोबांपाशी त्यांचा जोहार तेवढा होता. जे म्हणतात की चोखोबांनी नुसती दया मागितली, त्यांनी हा फरक मोजावा. चौदाव्या शतकात वेठीच्या मजुराला संघटना कोठून मिळणार होती?

परंतु नहेम्याच्या ग्रंथाचा पाचवा अध्याय मला याहूनही महत्त्वाचा वाटतो. तट बांधणे चालू असतानाच गोरगरिबांनी आणि त्यांच्या बायकांनी मोठा आक्रोश केला. तो परक्यांविरुद्ध नव्हता, स्वतःच्या यहुदी बांधवांविरुद्ध होता. दुष्काळात धान्यासाठी शेते, मळे आणि घरे गहाण पडली, राजाचा सारा भरण्यासाठी कर्ज झाले, आणि मुलींना दासी करून द्यावे लागले. घेणारे कोण, तर आपलेच सरदार आणि अंमलदार. बाहेरच्यांकडून तिरस्कार सोसणारा समाज आत मात्र आपल्याहून दुबळ्याच्या गळ्याला फास लावीत होता. नहेम्याने सभा बोलावली, सावकारांना सर्वांसमक्ष उभे केले आणि शेते परत करण्याची व व्याज सोडण्याची शपथ घेवविली.

हा अध्याय आम्हा कामगार चळवळीतल्या लोकांनी वरचेवर वाचावा असा आहे. आमची चळवळही अर्जातूनच जन्मली. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या साडेपाच हजार गिरणीकामगारांच्या सह्यांचे निवेदन केले, आणि १८९० साली १० जूनला रविवारची सुटी पदरात पडली. एकट्याचा अर्ज साडेपाच हजारांचा झाला की तो वाचावा लागतो. परंतु त्याच मुंबईच्या गिरण्यांत पुढे काय होते? कापडखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात पगार चांगला. तेथे अस्पृश्य कामगाराला घेत नसत. कारण असे, की सूत तुटले म्हणजे धोट्याच्या भोकातून ते तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि ज्या धोट्याला महाराचे तोंड लागले त्याला इतरांनी तोंड कसे लावावे? हा विटाळ मालकाने काढलेला नव्हता, सोबतच्या कामगारांनी पाळलेला होता. १९२८ सालच्या मोठ्या संपात सुमारे दीड लाख कामगार अनेक महिने उपाशी राहिले. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे आग्रहाने मांडला, तेव्हा कोठे मागण्यांत त्याला जागा मिळाली. मालकाच्या गर्वाविरुद्ध लढणारे लोक शेजारच्या कामगाराकडे निवांतपणे तिरस्काराने पाहत होते.

हे जुने झाले असे म्हणून चालणार नाही. कायम कामगारांनी कंत्राटी सफाई कामगारांचा पाण्याचा माठ वेगळा ठेवलेला मी पाहिला आहे. दोघांचा मालक एक, दोघांची सभा एक, घोषणाही एकच. माठ मात्र दोन. मैला माणसाकडून उपसून घेण्यास बंदी करणारे कायदे १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली झाले. तरी गटारात उतरून माणसे गुदमरून मेल्याच्या बातम्या येतच असतात. मंगळवेढ्याची भिंत अजून ढासळतेच आहे.

आता दयेच्या अर्जाचा पुढचा इतिहास थोडक्यात पाहू. चोखोबांना समाजाने संत म्हटले, कीर्तनात त्यांचे अभंग गाइले, त्यांची समाधी महाद्वारापाशी पुजली आणि त्यांच्या जातिबांधवांना त्याच समाधीपाशी थांबवून ठेवले. सहाशे वर्षे त्यांनी तेथूनच देवाला हात जोडले. निवांत माणसाला दया मागणारा संत आवडतो. तो गेल्यावर तर फारच आवडतो. दापोलीचे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' हे पुस्तक काढून वरिष्ठ वर्गाला सरळ प्रश्न केले. नागपूरला किसन फागुजी बनसोडे यांनी चोखोबांचे नाव घेऊन शिक्षणाची चळवळ केली. १९२७ च्या २० मार्चला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. तेथे याचना नव्हती. १९२८ साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्याला दुरुस्ती सुचविणारे विधेयक आणले. बलुत्याच्या भाकरीऐवजी कामाचा रोख मोबदला मिळावा, असा त्याचा रोख होता. चाकराने धन्याच्या हाताकडे पाहत बसू नये, त्याला ठरलेले वेतन असावे, एवढी साधी ती गोष्ट होती.

पंढरपूरचे दार १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींच्या दहा दिवसांच्या उपोषणानंतर उघडले. पण तोवर बाबासाहेबांचा मार्ग वेगळा झाला होता. देवळाच्या दारातली याचना संपवून ते १९५६ साली नागपुरास बौद्ध झाले. चोखोबांचा मार्ग त्यांनी घेतला नाही. तरीही १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळ इतिहासावर त्यांनी जो इंग्रजी ग्रंथ लिहिला, तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला आहे. मार्ग सोडला म्हणून पहिल्या पावलाचा मान सोडला नाही. जोहार हा शब्दही गेला. कामठीच्या बाबू हरदासांनी रूढ केलेला 'जय भीम' त्या जागी आला. 'जय भीम' म्हटले की समोरचाही 'जय भीम' म्हणतो. एवढ्या एका गोष्टीत किती इतिहास साठला आहे!

राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने १९५० साली अस्पृश्यता संपली असे जाहीर केले. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने तर अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाचा चारचौघांत, त्याला हिणवण्याच्या हेतूने केलेला अपमान हाच गुन्हा ठरविला. आमच्यासारख्या कायद्याची पुस्तके चाळणाऱ्यांना या कलमाचे मोल वेगळे वाटते. मारहाण, चोरी, खून यांना कायदा पूर्वीपासून ओळखत होता. तिरस्काराने जीव भरून गेला, ही तक्रार मात्र माणसाने हजारो वर्षे देवापुढेच केली, कारण ती नोंदवून घेणारे दुसरे दप्तर नव्हते. १९८९ साली पृथ्वीवरच्या एका दप्तराने ती तक्रार दाखल करून घेतली.

तेव्हा दयेची याचना ही लाचारी की भक्ती, या वादात मी पडत नाही. तिरस्कार सोसणाऱ्याने अर्ज योग्य ठिकाणी केला होता आणि मजकूरही खरा लिहिला होता. पुढे त्या अर्जाचे काय झाले, हा प्रश्न त्याला विचारण्याचा नाही. तो ऐकणाऱ्यांना विचारण्याचा आहे. त्यांतल्या काहींनी गप्प बस म्हटले, काहींनी समाधी बांधून पायरीवर ठेवले, आणि फारच थोड्यांनी, तुझी मागणी काय, असे विचारले.

स्तोत्रकर्त्याने ज्यांना निवांत म्हटले, ते कोणी दूरचे लोक नाहीत. ज्याला अपमानाची झळ लागत नाही असा प्रत्येक माणूस त्या क्षणापुरता निवांत असतो; मग तो गिरणीचा मालक असो, कायम नोकरीतला कामगार असो, की व्याख्यान ऐकून पंख्याखाली झोपायला जाणारा नागरिक असो. आपल्या गावात उद्या पहाटे गटार उपसायला जो येईल, त्याला आपण कोणत्या भांड्यातून पाणी देतो, यावरून चोखोबांचा अर्ज निकाली निघाला की नाही ते ठरेल. मेहुणाराजाचा जन्मोत्सव करण्याचा अधिकारही मला वाटते त्यावरूनच ठरेल.